अकरा ढांगा

ढांगकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. पेन्शनच्या कागदावर ते नाव असतं, आणि खिडकीतल्या कारकुनाने ते पुकारलं की काका स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघतात, कोण बुवा हा माणूस म्हणून. उंची सहा फूट एक इंच, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पायांत. पस्तीस वर्षं ते नगरपालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. म्हणजे माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची आणि गोल फिरत व्हॉल्व्ह उघडायचा. त्या गल्लीचं पाणी भरून झालं की बंद करायचा आणि पुढच्या गल्लीत जायचं. बाकीचे चावीवाले सायकलवर फिरत. काका चालत, आणि त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे दुसऱ्याला पळावं लागे. त्यावरून नाव पडलं ढांग.

पुढे त्या नावाचं मापच झालं. नवा व्हॉल्व्ह बसवला की तो नेमका कुठे आहे हे रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. खात्यात मोजायचा टेप एकच. तो साहेबांच्या कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब रजेवर. मग काका एखाद्या पायरीपासून चालत जायचे आणि मुकादम लिहायचा, 'दवाखान्याच्या पायरीपासून शाळेच्या बाजूला ९ ढांगा.' पहिल्यांदा गंमत म्हणून लिहिलं, दुसऱ्यांदा सवयीने, आणि तिसऱ्यांदा वरून तपासणीला आलेल्या साहेबाने त्याखाली सही करून शिक्का मारला, तेव्हा ते सरकारी झालं. गावातले एकशे बावन्न व्हॉल्व्ह असे एका माणसाच्या पायांनी मोजलेले आहेत. त्या माणसाचे पाय म्हातारे होतील हे पस्तीस वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही, काकांच्याही नाही.

आता काका घरीच असतात. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं ते पुढे ढकलताहेत. ढांग गेली, नाव राहिलं. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची, स्टुलावर फोन, दारामागे भिंतीला टेकून उभी ती चावी, आणि पायाखाली चाळीस वर्षांची जुनी फरशी. ती बदलून चकचकीत टाइल घालावी असं काकूंना वीस वर्षं वाटतंय. काका दर वेळी म्हणतात, 'या फरशीला काय धाड भरलीय?' आणि विषय तिथेच संपतो.

रविवारी सकाळी अकराला फोन वाजतो. तो लेकीचा असतो आणि काकूंसाठी असतो. काका दहा मिनिटं आधीच खुर्चीत येऊन बसतात आणि पेपर उघडतात. काकू फोन घेतात, 'हं, बोल गं,' म्हणतात आणि मग खोकल्यापासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळं होतं. काकांचं तेवढा वेळ पेपरचं एकच पान चालतं. एकदा तर पेपर उलटा धरला होता असं काकू सांगतात, पण त्या थोडं वाढवून सांगतात. गेल्या नऊ वर्षांत 'बाबांना दे' एवढं त्या फोनमधून कधी आलं नाही. फोन ठेवल्यावर काका पेपरातून मान वर न काढता विचारतात, 'काय म्हणत होती?' काकू म्हणतात, 'काही नाही. बरी आहे.' एवढ्या शिदोरीवर काकांना पुढचा रविवार गाठायचा असतो.

याला कारण काकाच. हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

पोरगी सहा वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी बापाच्या मागे फिरायची. चावी उचलणं तिला शक्य नव्हतं, म्हणून काकांनी तिला दुसरं काम दिलं होतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की तो पाव फेरा मागे घ्यायचा असतो. नाही घेतला तर तो तसाच आवळून बसतो आणि पुढे महिन्याभराने कोणाच्या बापाला हलत नाही. काका हे विसरायचे असं नाही, पण पोरीला त्यांनी सांगितलं होतं की बाबा फार विसरतो, तू आठवण करायची. ती फुटपाथच्या कडेला उभी राहून फेरे मोजायची आणि शेवटी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, 'बाबा, पाव फेरा!' लोक खिडकीतून डोकावून हसायचे. काका गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, 'बरं झालं सांगितलंस.' पंधराव्या वर्षी ती स्वतः चावी फिरवायला लागली. चावीच्या दांड्याला कान लावून पाणी कुठवर पोचलं ते सांगायची, आणि ते बरोबर असायचं.

काका रिटायर व्हायच्या वेळी खात्याचा नियम होता की चावीवाल्याच्या जागी त्याच्या घरातलं एक माणूस घेता येईल. फॉर्म आला. त्यात नाव लिहायची रिकामी ओळ होती. लेक तेव्हा तेवीस वर्षांची. तिला विचारायची गरजच नव्हती, ती आदल्या दिवशी गणवेशाचं कापडसुद्धा बघून आली होती. आणि काकांनी त्या ओळीत पुतण्याचं नाव लिहिलं.

'बाईमाणसाने खांद्यावर लोखंड टाकून गल्लीबोळांत हिंडायचं, बरं दिसतं का ते?' असं ते तेव्हा म्हणाले होते. जी पोरगी सतरा वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत हेच करत होती, तिच्यासमोर म्हणाले होते. तिने महिन्याभरात दुसऱ्या गावच्या नगरपालिकेची परीक्षा दिली, पास झाली आणि निघून गेली. तिथे ती आज पाणीखात्यात आहे, तिच्या हाताखाली चार माणसं आहेत. पुतण्याने इथे आठ महिने काम केलं, 'काका, पाठ धरते हो,' म्हणाला, चावी आणून काकांच्या दारामागे टेकवली आणि कपड्यांच्या दुकानात लागला. चावी तिथेच राहिली. येताजाता ती काकांना दिसते.

तर मागच्या गुरुवारी पाणीखात्याच्या नव्या इंजिनिअरबाई काकांच्या दारात आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, डोक्यावर पिवळी टोपी, काखेत ते जुनं रजिस्टर. पाणीसुद्धा न पिता त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

'काका, एक ढांग म्हणजे किती सेंटिमीटर?'

काका हसले. फार दिवसांनी त्यांना कोणी कामाचं काही विचारलं होतं.

भानगड अशी होती. गावाच्या उताराला खालची वस्ती आहे. तिथे आजवर घरात नळ नाही. कोपऱ्यावरच्या एका नळावर सगळी वस्ती रांग लावते. नगरपालिकेने यंदा मनावर घेतलं, मुख्य रस्त्याखालून वस्तीपर्यंत नवी पाइपलाइन टाकली, घरोघरी नळ बसवले. नळ बसून महिना झाला होता, नुसते कोरडे. आता फक्त जुन्या मोठ्या लाइनला नवी लाइन जोडायची राहिली होती. त्यासाठी जुन्या लाइनवरचा एक व्हॉल्व्ह बंद करायला हवा, आणि तो व्हॉल्व्ह सापडत नव्हता. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढून झाकण कधीच गडप झालं होतं. आणि सोमवारी तोच रस्ता काँक्रीटचा होणार होता. एकदा काँक्रीट पडलं की पाच वर्षं तिथे कुदळ लावायची नाही असा करार होता. म्हणजे सोमवारच्या आत व्हॉल्व्ह मिळाला तर वस्तीला पाणी, नाहीतर पाच वर्षं ते नळ नुसते शोभेला.

'टाकी रिकामी करून जोडता नाही येणार?' काकांनी विचारलं.

'दोन दिवस सगळं गाव बंद ठेवावं लागेल. अध्यक्ष नाही म्हणाले. लोखंड शोधायचं मशीन आणलं, तर ते दर पावलाला वाजतंय. त्या रस्त्याखाली काय काय पुरलंय देव जाणे.' बाईंनी रजिस्टर उघडून बोट ठेवलं. 'हे बघा. शिंप्याच्या दुकानाच्या पायरीपासून दवाखान्याच्या बाजूला अकरा ढांगा.'

काकांनी पायात चपला सरकवल्या.

इंजिनिअरबाई हुशार होत्या. त्यांनी काकांना चालायला लावलंच नाही. रजिस्टरमधले जे तीन व्हॉल्व्ह अजून रस्त्यावर दिसत होते त्यांचं अंतर टेपने मोजलं, ढांगांनी भागलं, आणि तिन्ही वेळा उत्तर ब्याण्णव सेंटिमीटर आलं. काकांची छाती दोन इंच फुगली. 'बघा, एक बोट इकडचं तिकडे नाही,' ते मजुरांना म्हणाले. शिंप्याचं दुकान जाऊन तिथे मोबाइलचं दुकान आलं होतं, पण दगडी पायरी तीच होती. पायरीपासून दहा मीटर बारा सेंटिमीटरवर खडूची खूण केली आणि शुक्रवारी सकाळी खड्डा घेतला.

खड्ड्यात दगड निघाले, एक फुटकी बरणी निघाली, टेलिफोनची मेलेली वायर निघाली. व्हॉल्व्ह निघाला नाही. वीतभर पुढे घेतला, वीतभर मागे घेतला. बाजूने विजेची केबल होती, त्यामुळे वाटेल तिथे खणायला परवानगी नव्हती. दुपारपर्यंत बघ्यांची गर्दी झाली. त्यात खालच्या वस्तीतली इस्त्रीवालीही होती. काका कामावर असताना ती रोज त्यांना विचारायची, 'ढांगभाऊ, आमच्या गल्लीत कधी फिरणार तुमची चावी?' आणि काका म्हणायचे, 'फिरणार, फिरणार.' रिटायर झाले तरी फिरली नव्हती. आज तिने काही विचारलं नाही. खड्ड्यात वाकून बघितलं, मग काकांकडे बघितलं आणि घागर उचलून रांगेत जाऊन उभी राहिली. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं काकांना वाटलं.

'रजिस्टर चुकलं असेल,' एक मजूर म्हणाला.

'माझं रजिस्टर चुकत नाही,' काका खेकसले. पण आवाजात दम नव्हता.

घरी येऊन ते जेवले नाहीत. खुर्चीत बसून राहिले, आणि संध्याकाळी दिवा लावायला आलेल्या काकूंना एकदम म्हणाले, 'त्या वर्षी माझ्या पायावर झाकण पडलं होतं.'

'कुठल्या वर्षी?'

'शिंप्यापाशी व्हॉल्व्ह बसवला त्या वर्षी. अंगठा फुटला होता. पायाला हे एवढं बँडेज. मी चाललोच नव्हतो गं. मी मुकादमाच्या स्कूटरवर बसलो होतो.'

काकू हातातली काडी विझेपर्यंत उभ्या राहिल्या. 'मग कोण चाललं होतं?'

दोघांनाही उत्तर माहीत होतं. दहा वर्षांची पोरगी, दोन वेण्या, शाळेचा फ्रॉक. बाप स्कूटरवर बसलेला, म्हणून तिने ऐटीत पायरीपासून ढांगा टाकल्या होत्या, बापासारखी मान ताठ करून, एक-दोन मोठ्याने मोजत. मुकादम पोट धरून हसला होता आणि त्याने लिहिलं होतं, अकरा ढांगा. कोणाच्या ते लिहिलं नव्हतं. त्या खात्यात ढांग म्हटली की एकाच माणसाची.

शनिवारी सकाळी काकांनी फोन लावला. नंबर त्यांना पाठ होता, नऊ वर्षं काकूंच्या वहीत बघून बघून झाला होता, पण स्वतःच्या बोटांनी तो आज पहिल्यांदा फिरवला गेला. काकू मुद्दाम मागच्या खोलीत गेल्या आणि दारामागे उभ्या राहिल्या. तिकडे चार वेळा रिंग वाजली.

'बोला.'

आवाज जरा जाड झाला होता. मागे पंपाची घरघर ऐकू येत होती. काकांनी रात्रभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

'मी बोलतोय,' ते म्हणाले.

तिकडे नुसता पंप.

'इथे कामाचं जरा अडलंय,' काका घाईघाईने म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. वस्ती, लाइन, काँक्रीट, सोमवार. सांगताना ते उभे राहिले होते, साहेबांशी बोलताना राहायचे तसे. तिने मध्ये एकदा पाइपाचा व्यास विचारला. मग विचारलं, 'रजिस्टरमध्ये काय लिहिलंय?'

'शिंप्याच्या पायरीपासून अकरा ढांगा.'

'कोणाच्या?'

काकांनी फोनची वायर मुठीत धरली. 'तुझ्या,' ते म्हणाले.

'मग तसं लिहायचं होतं.'

ती रागाने म्हणाली असती तर काकांना सोसलं असतं. ती साध्या आवाजात म्हणाली, हाताखालच्या माणसाला चूक दाखवावी तशी. काकांना फॉर्ममधली ती रिकामी ओळ दिसली.

'तुला काही आठवतंय का? जागा?'

'जागा नाही आठवत. माप आहे ना.' ती थोडी थांबली. 'घरातच आहे. पुढच्या खोलीत. ढांग लांब नको, दर वेळी सारखी हवी, म्हणून फरशीवर चालवून घ्यायचात माझ्याकडून. तीन फरश्यांची एक ढांग. तिथेच उभं असाल तर पायाखाली बघा.'

काकांनी पायाखाली बघितलं.

'अकरा ढांगा, तेहतीस फरश्या. मला राउंडला जायचंय,' ती म्हणाली. फोन बंद झाला. 'बाबा' हा शब्द आला नव्हता. काकांनी पूर्ण वेळ त्याची वाट पाहिली होती.

आता इथे काकांच्या हातून जे झालं ते लपवण्यात अर्थ नाही. ते नगरपालिकेत गेले आणि त्या ढांगा लेकीच्या होत्या, तिला फोन केला होता, एवढं सांगितलं. इंजिनिअरबाईंनी विचारलं, 'काय म्हणाल्या ताई? आठवलं का?' आणि बाईंनी लगेच पुढचंही सांगून टाकलं. 'नाही आठवलं तर त्यांना इथे बोलावून घेते. त्यांच्या ऑफिसला पत्र पाठवते, ड्यूटी म्हणून येतील. उद्या सकाळच्या बसने आल्या तरी चालेल.'

काकांच्या तोंडात उत्तर तयार होतं. तीन फरश्या. दोन शब्द. ते त्यांनी गिळले.

'तिला यावंच लागेल,' ते म्हणाले.

'दुपारी दोनला त्यांचे साहेब ऑफिसात येतात. मी फोन लावते,' बाई म्हणाल्या.

काका घरी आले ते गुडघा विसरून आले. 'उद्या येतेय,' एवढंच त्यांनी सांगितलं. काकूंनी कपाटातून निळ्या फुलांची चादर काढली, लेकीची उशी उन्हात टाकली, दोनदा झाडलेली खोली तिसऱ्यांदा झाडली आणि झाडता झाडता गुणगुणायला लागल्या. त्यांचं गुणगुणणं काकांनी नऊ वर्षांत ऐकलं नव्हतं. ते खुर्चीत बसले आणि उद्याचं बघायला लागले. ती बसमधून उतरेल. पायरीपासून चालेल. खांद्यावर चावी घेईल. आणि गावातल्या लोकांसमोर आपण म्हणू की ही माझी लेक.

काकू झाडत झाडत त्यांच्या खुर्चीपाशी आल्या. 'पाय वर घ्या.' काकांनी पाय वर घेतले, आणि खाली ती फरशी दिसली.

ती येईल. पायरीपासून चालायला लागेल आणि मग थांबेल, आणि विचारेल, फोनवर सांगितलं होतं ना? काय सांगणार होते ते तिला? एकदा तिचं नाव लिहायचं तिथे लिहिलं नव्हतं. आता तिने सांगितलेलं सांगितलं नव्हतं. पोरगी परत यावी म्हणून तिलाच पुन्हा खोडलं होतं. काकांना तिथल्या तिथे इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

'टेप कुठे आहे आपला? शिवणाचा?' ते म्हणाले.

गुडघा वाकत नव्हता, म्हणून काका सरळ जमिनीवर बसले. तीन फरश्या, मधल्या सांध्यांसकट, साडेशहात्तर सेंटिमीटर. अकराने गुणून आठ मीटर एकेचाळीस आणि वर अर्धा. काकूंनी त्यांना आधार देऊन उठवलं. काकांनी सगळं खरं सांगितलं. काकूंनी टेप गुंडाळला. मग म्हणाल्या, 'जा मग. दोन वाजायच्या आत पोचा.' आणि त्यांनी निळ्या फुलांची चादर घडी करून कपाटात ठेवली. काकांना ते बघवलं नाही, पण त्यांनी बघितलं.

दोनला दहा कमी असताना ते इंजिनिअरबाईंच्या टेबलापाशी उभे होते. 'फोन लावू नका. माप मिळालंय. सकाळीच मिळालं होतं, मी सांगितलं नाही.'

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाल्या, 'चला.'

पहिल्याच खड्ड्यात, दोन हात खाली, कुदळ लोखंडावर वाजली. शनिवारी संध्याकाळी व्हॉल्व्ह मोकळा केला, तेलपाणी दिलं. रविवारी पहाटे काकांनी दारामागची चावी नेली आणि चौतीस फेऱ्यांत तो बंद केला. उजव्या गुडघ्याने प्रत्येक फेऱ्याला शिव्या घातल्या. साडेनऊला जोड झाला. मग चौतीस फेरे उलटे. तिसाव्याला पाइपातून घसा खाकरल्यासारखा आवाज आला, आणि थोड्या वेळाने खालून वस्तीतून आधी एक आरोळी, मग दहा, मग मोजता येईनात इतक्या. इस्त्रीवाली ओल्या हातांनी चढ चढून वर आली. 'ढांगभाऊ, फिरली हो चावी!' असं म्हणून ते हात तिने काकांच्या तोंडावरून फिरवले. मजुरांनी टाळ्या वाजवल्या.

इंजिनिअरबाईंनी नवीन रजिस्टर आणलं होतं, सगळी मापं मीटरमध्ये. त्यात शेवटी एक रकाना होता, माप कोणी घेतलं त्याचा. 'इथे तुमचं नाव लिहिते,' बाई म्हणाल्या.

'नाही. मुलीचं लिहा.' काकांनी तिचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर बरोबर लिहिलं जातंय ना हे वाकून बघत.

'हुद्दा?'

'चावीवाली,' काका म्हणाले.

घरी पोचले तेव्हा अकराला दोन कमी होते. त्यांनी चावी दारामागे टेकवली, हात न धुताच खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. अकराला फोन वाजला. 'हं, बोल गं,' काकू म्हणाल्या, आणि मग गप्प झाल्या. खोकला नाही, मांजर नाही. त्यांनी फोन काकांपुढे धरला. काकांना आधी कळेचना की तो घ्यायचा असतो.

'मिळाला?' तिकडून आवाज आला.

'मिळाला. आठ एकेचाळीसवर. तू म्हणालीस तसाच.'

'किती फेरे?'

'चौतीस. जड होता. पण उघडला पूर्ण. वस्तीत पाणी चढलं. रजिस्टरमध्ये...' त्यांनी दारामागच्या चावीकडे बघितलं आणि वाक्य तिथेच सोडलं. तिकडे पंप नव्हता आज, रविवार होता. तिचा श्वास ऐकू येत होता.

मग ती म्हणाली, 'बाबा, पाव फेरा?'

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आरोळ्या, टाळ्या, इस्त्रीवालीचे ओले हात. पस्तीस वर्षांत कधी विसरले नव्हते.

'राहिला,' ते म्हणाले.

'मग जा, देऊन या. उद्या काँक्रीट आहे.' आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, 'मी अर्ध्या तासाने परत करते.'

शिंप्याच्या पायरीपर्यंत जाऊन यायला काकांना आताशा पाऊण तास लागतो. त्यांनी चावी खांद्यावर टाकली, दार उघडलं, आणि उंबऱ्यातून मागे वळून काकूंना म्हणाले, 'मला उशीर झाला तर तिला बोलण्यात गुंतवून ठेव. फोन ठेवू देऊ नकोस.'